गुंतलेला हात

डाव्या व्हॉल्व्हवर एकशे पन्नास व्होल्ट. उजव्यावर दोनशे साठ.

"लिही," गोजाबाई म्हणाली. सुनेनं, ऋतुजानं, दोन्ही आकडे वहीत लिहिले. मग किटसोबत आलेल्या कागदावर बोट ठेवलं. "आत्या, हितं तर दोन्हीकडं दीडशेच दिलंय."

"व्हय. म्हणूनच उजव्या स्पीकरमदनं आवाज येईना."

टेबलावर उघडा पत्र्याचा डबा होता, वर बल्बसारखे दोन काचेचे व्हॉल्व्ह. ऋतुजानं मंगळवार बाजारातून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला होता. सुईतून येणारा बारीक आवाज मोठा करणारं हे किट गोजाबाईनं दोन महिने खपून जोडलं होतं. वायरमनचा कोर्स तिनं शहरात आल्यावर केला. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या तिच्याकडेच यायच्या. पण मिक्सर बंद करून उघडता येतो. हा डबा चालू ठेवूनच तपासावा लागत होता.

ते तिच्या मुलाला, कुमारला, बघवत नव्हतं. तो दारातच उभा होता. चौदा वर्षांपूर्वी उजनीच्या काठावर पाण्याची मोटार सुरू करताना शॉक लागून त्याचे वडील, आण्णा, गेले. गोजाबाईनंच त्यांना आधी पाहिलं. एक हात स्टार्टरच्या पेटीवर, दुसरा ओल्या पाइपावर. तेव्हापासून कुमारनं घरात साधा बल्बही बदलला नव्हता. आज सकाळी त्यानं आईला देवासमोर उभं केलं होतं.

"आज दिवा लावायच्या आत वाजलं तर वाजलं. न्हायतर परत वायरीला हात लावायचा न्हाय. बोल."

ती बोलली होती. देवासमोर दिलेला शब्द गोजाबाईनं आजवर मोडला नव्हता. आता साडेपाच वाजले होते.

"आन् ती माळ तरी ठेव की खाली," कुमार म्हणाला. "एका हातानं कुटं काम होतंय व्हय? का देव येऊन व्होल्टेज मोजणार हाय?"

गोजाबाईचा उजवा हात जपमाळेच्या पिशवीत, गोमुखीत, होता. रोजच्या अकरा माळा. पूर्वी ती त्या पहाटेच संपवायची. हा डबा जोडून झाल्यापासून मात्र माळा इथं, टेबलाशी बसून व्हायच्या. घाबरली असंल, असं कुमारला वाटायचं.

मीटरच्या काळ्या वायरीचा चिमटा डब्याच्या पत्र्याला लावलेला होता. लाल टोक तिच्या डाव्या हातात होतं.

"पुरवठाच दोनशे साठचा हाय," ती हळूच ऋतुजाला म्हणाली. "तेवढाच व्हॉल्व्हवर दिसतोय. म्हंजे ह्यो गडी घोटभरबी पीत न्हाय. त्याची खाली जायाची वाट कुटंतरी तुटलीय."

व्हॉल्व्हपासून पत्र्याकडे जाणारी वाट तिनं नजरेनं धरली. एक छोटा रेझिस्टर. त्याच्या बुडाशी जोड धरणारा सोल्डरचा थेंब. बाकीचे सगळे चकचकीत होते, हा राखेसारखा.

"जोड कच्चा राह्यला गं माझ्या हातनं."

तिनं प्लग उपसला. थांबली. कपॅसिटरमध्ये साठलेला करंट रिकामा केला, मीटरवर शून्य बघितलं. मगच उजवा हात गोमुखीतून काढला, माळ कपाळाला लावून बाजूला ठेवली आणि पेन धरावं तशी सोल्डरिंगची तापलेली सळई धरली. धूर निघाला. थेंब वितळला, चमकला.

हात परत गोमुखीत गेला. "लाव प्लग."

व्हॉल्व्हच्या पोटात तांबूस उजेड आला. लाल टोक जागेवर टेकलं. दोनशे साठ. कुमारनं तोंड फिरवलं. व्हॉल्व्ह तापत गेला तसा आकडा उतरू लागला.

"दोनशे दहा," ऋतुजा म्हणाली. "एकशे ऐंशी. एकशे साठ... आत्या, दीडशे! थांबला दीडशेवर!"

रेकॉर्डवर सुई टेकली. आधी खरखर, मग सनई. डावीकडून आणि उजवीकडून, अख्ख्या घरभर. भिंतीपलीकडून सोजरबाई ओरडली, "गोजाबाई, कुणाचं लगीन काढलंस गं?"

"माझंच!" गोजाबाई म्हणाली. ऋतुजा हसता हसता खाली बसली. बाहेर अजून ऊन होतं. देवापुढची समई लावायची बाकी होती.

कुमार आत आला. डब्याकडे बघत राहिला. मग गोमुखीला हात लावून पाया पडला.

"ह्या माळेनं राखलं गं आये तुला."

"राखलंच की." गोजाबाईनं लाल टोक खाली ठेवलं. "करंट एका हातानं शिरतो, दुसऱ्यानं निघतो. मदी काळीज हाय. म्हणून चालू डब्याशी एक हात गुंतवून ठेवायचा, कोर्सात पयल्याच दिवशी शिकिवलं." सनई आता दुसऱ्या सुरावर चढली होती. "तुज्या आण्णांचं त्या दिवशी दोन्ही हात मोकळं हुतं."