कार्डावरचा मेंढपाळ

"स्क्रू-ड्रायव्हर ठेव आणि कुत्र्यांत जाऊन उभा राहा," आदिल शिडीखालून म्हणाला. स्वरूपला वाटलं, थंडी याच्या डोक्यात गेली.

थंडी होतीच. बाहेर जानेवारीतलं मस्कत, सत्तावीस डिग्री. आत अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मॉलचा हॉल, उणे चार. हॉलभर मशीनचा बर्फ आणि संध्याकाळी पाच वाजता त्यावर कुत्र्यांनी ओढायच्या गाडीची शर्यत. गाडी एकच होती, त्यामुळे निकालाची काळजी कुणाला नव्हती. काळजी बर्फाची होती. दर दोन तासांनी कॉम्प्रेसर बंद पडायचा. मग शिडीवर चढून एक बटण दाबायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि पत्र्यावर नेमक्या जागी गुद्दा घालायचा. ते बटण आणि ती जागा अख्ख्या कंपनीत फक्त स्वरूपला माहीत होती.

आदिल कंपनीची कागदपत्रं बघायचा. खाली लेबर खात्याचा इन्स्पेक्टर आला होता आणि प्रत्येकाचं कार्ड तपासत होता. स्वरूपच्या कार्डावर धंदा होता मेंढपाळ. चार वर्षांपूर्वी तोच व्हिसा शिल्लक होता. शिडीवरचा मेंढपाळ सापडला तर त्याच रात्रीचं विमान. जनावरांतला मेंढपाळ सापडला तर निदान बोलायला जागा.

स्वरूप लांज्याचा. तिकडे मेंढ्या नसतात, पावसात त्यांची लोकर वाळत नाही म्हणे. कुत्री मात्र असतात. त्यांतलं एक सातवीत असताना चावलं, आणि तेव्हापासून तो पोस्टरवरच्या कुत्र्यालाही वळसा घालून जायचा. पण विमानाची भीती जास्त होती. तो शिडी उतरला आणि सहा कुत्र्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

चार वर्षं तो आदिलच्या मागे लागला होता, की कार्डावर एसी टेक्निशियन करून दे. मेंढपाळाला बायको आणता येत नाही, असं ऑफिसातल्या काचेमागच्या माणसानं त्याला दोनदा सांगितलं होतं. मस्कतातल्या दार्सैतच्या खोलीत त्यानं कुकर आणून ठेवला होता, दोन ताटंही. लांज्याहून विशाखा दर शुक्रवारी फोनवर विचारायची, कार्डाचं झालं का. ताट एकच लागायचं. गेल्या नोव्हेंबरात एसी टेक्निशियनची एक जागा निघाली होती. दुसऱ्या कुणाची तरी नड मोठी होती, असं आदिल म्हणाला. कुणाची, ते म्हणाला नाही.

अकराला इन्स्पेक्टर हॉलमध्ये आला आणि त्याला गार वाटलं. त्यानं खुर्ची मागवली, काहवा म्हणजे इथली कॉफी मागवली. कार्डं बघायची घाई दिसेना. जेवणही तिथंच आलं. समोर स्वरूप कुत्र्यांत उभा. पहिला तास त्यानं डोळे मिटून काढला. दुसऱ्या तासात एक कुत्रा त्याच्या बुटावर बसला. त्याचा उजवा पाय सकाळपासून पहिल्यांदा ऊबदार झाला. चौथ्या तासात तो त्यांना हळूच सांगत होता, "सरका रे जरा, मला पण बसू द्या." ती सरकली.

साडेबाराला कॉम्प्रेसर बंद पडला होता. तीनला छत गळायला लागलं. साडेचारला बर्फाचा फालुदा झाला आणि पाहुणे पार्किंगमध्ये पोचल्याचा अर्बाबचा फोन आला. तेव्हा इन्स्पेक्टरनं काहवा संपवला, डोक्यावर पडलेला थेंब पुसला आणि कार्ड मागितलं.

"मेंढपाळ," त्यानं वाचलं. मग कुत्र्यांकडे पाहिलं. स्वरूपला दोन ताटं दिसली आणि खोलीतला कोरा कुकर.

आदिलनं शांतपणे फाइल उघडली आणि जनावरांचा परवाना पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मेंढ्या, नग सहा. त्या महिन्यात तोच परवाना शिल्लक होता.

इन्स्पेक्टरनं कार्ड पाहिलं, परवाना पाहिला. मेंढ्या मोजल्या. सहा भरल्या. त्यांतली एक भुंकली. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सही केली.

सही करता करता त्यानं गाडीशी उभ्या असलेल्या फिनलंडच्या गोऱ्याकडे पेन रोखलं. हा सहा फुटी माणूस नोव्हेंबरात कुत्र्यांबरोबरच आला होता. कुत्र्यांना पळवणं एवढंच त्याला येत होतं. "ये कौन?"

आदिलच्या हातातली फाइल थोडी खाली आली. "एसी टेक्निशियन," तो म्हणाला.

स्वरूपनं मान वर केली. नोव्हेंबर, तो मनात म्हणाला.

"तो उपर चढाओ इसको," इन्स्पेक्टर म्हणाला. "भेडों को गर्मी हो रही है."

गोरा शिडीवर चढला. कागदानुसार त्याचंच काम होतं. वर पोचून त्यानं युनिटकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. इन्स्पेक्टरनं दुसरा काहवा मागवला आणि खुर्ची शिडीकडे वळवली. आदिल कुत्र्यांतून वाट काढत स्वरूपच्या कानाशी आला. पाहुणे लिफ्टमध्ये आहेत, तो कुजबुजला. उद्या सकाळी कार्ड बदलून देतो, वहिनींचा अर्जही मीच भरतो, लिहून देतो हवं तर. फक्त एवढं सांग, बटण कुठलं आणि गुद्दा कुठं.

स्वरूपनं कुत्र्याच्या मानेत बोटं घातली. छान ऊब होती.

"आदिलभाय, आधी लिहा," तो म्हणाला. "तोवर मला एसीतलं काय विचारता? मी मेंढपाळ माणूस."