एका मार्काचे चार पॉइंट

वेल्समधल्या रॉन्डा खोऱ्यातल्या कॉलेजात वृद्धसेवेच्या कोर्सचा निकाल लागला. मार्कांचे पॉइंट करायच्या तक्त्यात छत्तीसला चार पॉइंट होते आणि पस्तीसला भोपळा, म्हणजे नापास. नेरिसला पडले छत्तीस. तिच्या जिवलग मैत्रिणीला, लोरीला, पस्तीस.

लोरीच्या आईने नेरिसपुढे चहा आणि गरम वेल्श केक ठेवले आणि लेकीवर तोंडसुख घेतलं, "शीक जरा हिच्याकडून! एका मार्कापायी अख्खं वर्ष पाण्यात घातलंस."

"जाऊ दे गं मॅम," लोरी डोळे पुसत आईला म्हणाली, "आमच्यातली एक तरी सुटली ना!"

नेरिसने हातातला केक तसाच बशीत ठेवला.



सगळा पेपर तिने लोरीच्या खांद्यावरून बघून उतरवला होता. फक्त एका उत्तराची खूण चुकून शेजारच्या चौकटीत पडली होती.