पाव इंच

लठ्ठपणावरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर टेलरमास्तरांच्या बायकोचं वजन भराभर उतरलं आणि सातव्या महिन्यात एकाच आकड्यावर हटून बसलं. तिनं वैतागून वजनकाटा माळ्यावर टाकला, डॉक्टरांनी आखून दिलेलं मोजूनमापून खाणं सोडलं आणि ती पुन्हा बिस्किटांच्या डब्याकडे वळली. मास्तर समजावून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी त्यांनी हातातली विद्या कामाला लावली. ती सकाळी फिरायला गेली की ते तिचा निळा ड्रेस मशीनवर घेत, बाजूची शिवण उसवत आणि आत राखलेल्या कापडातून पाव इंच सोडून पुन्हा टीप मारत.

"अहो, सैल झाला की हो!" पहिल्याच आठवड्यात ती आरशासमोर हरखून ओरडली. बिस्किटं बंद झाली, उकडलेल्या भाज्या आणि अंडी परत ताटात आली. मास्तर दर सोमवारी पाव इंच सोडत राहिले आणि मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

आज तोच ड्रेस घालून तिनं गिरकी घेतली, तर तो खांद्यावरून घसरला. समोरची भाजीची वाटी तिनं न उष्टावताच बाजूला सारली.

"बघा, अजून सैल झाला! आता मी थांबायची नाही."

सवयीनं हसायला गेलेले मास्तर तसेच थिजले.



शिवणीतलं कापड संपून दीड महिना झाला होता. तेव्हापासून त्यांनी त्या ड्रेसला हातही लावला नव्हता.