एकवीस पावलांची खोली

"हेबी खोली नाई चालत," शकुन उंबऱ्यातूनच म्हणाली.

रऊफभाईंनी किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला खोचला. चिखलदऱ्याच्या त्या बंगल्याची राखण करण्यात त्यांची दाढी पांढरी झाली होती, पण तीन खोल्या नाकारणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बाई, नागपूरचे साहेब येतात, त्यांच्या मडमाबी इतकं पाहत नाईत. हिच्यात काय खोट हाय?"

"आत उतराले दोन पायऱ्या हायेत. पोरगं पडन."

पोरगं म्हणजे दीड वर्षाचा गोवर्धन. तो खुशालरावांच्या खांद्यावर बसून त्यांचीच टोपी चावत होता. पायात चांदीचे वाळे, वाळ्यांना घुंगरं. खुशालरावांचा अकोल्याला भाजीचा मळा होता. चैत्राचं ऊन पोराला सोसेना म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच ते बायकोपोराला घेऊन चार दिवस थंड हवेला आले होते.

पहिली खोली अंगणातल्या हौदासमोरच होती. तिथं शकुन आतही गेली नाही. दुसरी रऊफभाईंची लाडकी. एकात एक दोन खोल्या, मधे दार.

"आत बच्चा झोपन, बाहेर तुमी आरामात बसा," ते म्हणाले होते.

"नको भाऊ. मधे भिंत आली की घुंगरं ऐकू येत नाईत."

एवढं बघून घ्यायला कारण होतं. निघताना सासूबाई, पार्बताबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. संक्रांतीच्या संध्याकाळी शकुनच्या हातून पोरगं ओट्यावरून पडलं, कपाळाला खोक पडली. तेव्हापासून त्यांचा सुनेवर भरवसा नव्हता.

"चार दिवस पोराले धड सांभाळून दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "एक खरचटा जरी दिसला, तर आल्याबरोबर त्याचं हातरूण माह्या खोलीत. मंग तू खुशाल वाती वळत बस."

वातींचा तो नेम शकुनने संक्रांतीनंतरच धरला होता. दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही, बसल्या जागी नाम घेत वाती वळायच्या. नेम कोणत्या देवाचा, ते तिनं सांगितलं नव्हतं. नेमाचं कोणी कौतुक केलं की ती खाली मान घाली आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागे.

चौथी खोली अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होती. चौकोनी, एकच दार, उंबरा बेताचा. शकुन भिंतीला तळवा लावून चारी बाजूंनी फिरली. कडी तीनदा लावली, तीनदा काढली. कोनाडा खाटेवरून हाताला येतो का पाहिलं. मग दारातून निघून पुटपुटत सरळ हौदापर्यंत चालत गेली.

"एकवीस," परत येऊन ती म्हणाली. "हे घेऊ."

"पावलं कावून मोजता, बाई?"

"एवढं चालेपर्यंत पोरगं थकून बसते."

"अल्ला! हिसाबी बाई हाय," रऊफभाई हसले आणि किल्ली तिच्या हातात दिली. खुशालराव मात्र हसले नाहीत. ते त्या एकवीस पावलांकडे पाहत राहिले.

दुपारी जेवताना त्यांनी ओल्या फडक्यात बांधून आणलेला शेवग्याचा पाला काढला. शकुनने कपाळाला हात लावला. "अजी, इथंबी? दोन महिने झाले, रोज पाला. मी काय बकरी हावो?"

"खाय मुकाट्यानं. वैद्यानं सांगतलं हाय. पोराच्या दुधाले बरा असते."

"पोरगं आता भाकर खाते!"

"मंग माह्यासाठी खाय." त्यांनी पाला तिच्या ताटात वाढला. तिनं तोंड वाकडं करत सगळा संपवला.

सूर्य डोंगराआड गेला तसे खुशालराव दूध आणायला निघाले. शकुनने वाती वळायला घेतल्या. गोवर्धन चटईवर खेळत होता. छुन, छुन. हात कापसावर, कान घुंगरांवर.

मग घुंगरांचा आवाज बदलला. चटईवरचा मऊ आवाज जाऊन दगडावरचा खणखणीत झाला. खुशालराव गेल्यावर दाराला कडी लावायची राहिली होती.

"गोवर्धन!"

पोरगं खिदळलं. आवाज अंगणात गेला.

शकुन उठली. क्षणभर उंबऱ्याशी तिचा पाय अडला, मग तिनं तो ओलांडला. ती धावली नाही. एक, दोन, तीन. घुंगरं पुढं, सरळ पुढं. नऊ, दहा. तिनं दोन्ही हात पुढं केले होते. "बा! बा!" पोरगं आनंदानं ओरडलं. बाप बिचारा दुधाला गेलेला! सोळा, सतरा. घुंगरं थांबली. हौदातल्या पाण्याचा गार वास नाकाला लागला. अठरा, एकोणीस...

बोटांना झबलं लागलं. तिनं ते मुठीत धरून पोराला ओढलं, तिथंच दगडावर बसली आणि त्याला छातीशी घट्ट धरलं. कपाळ, गुडघे, कोपरं सगळं चाचपलं. कुठं खरचटलं नव्हतं.

"रऊफभाई!" ती रडवेल्या आवाजात ओरडली. "कोणी कंदील आणा हो! इथं काळाकुट्ट अंधार झाला, अन् पोरगं हौदापाशी आलं!"

"मीच हावो," अगदी समोरून, हातभर अंतरावरून खुशालरावांचा आवाज आला. तेव्हा तिला कळलं, पोराचा एक दंड आधीपासूनच कोणीतरी धरून ठेवला होता.

"अजी! तुमी कवा आले? कंदील तरी आणाचा!"

त्यांनी पोराचा दंड सोडला. पोरगं "बा, बा" करत राहिलं.

"कंदील माह्या हातातच हाय, गोवर्धनच्या माय. पेटलेला." त्यांनी हलकेच तिचा हात हातात घेतला. "आईले हे काई सांगाचं नाई. अन् तो शेवग्याचा पाला... तो वैद्यानं दुधासाठी नव्हता सांगतला. तुह्या डोळ्यांसाठी सांगतला होता."