शेवटच्या धावपटूमागे

डोंगरातल्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून चालत खुणांचे झेंडे काढत यायचं काम यंदा माझ्याकडे आलं. सगळ्यांत शेवटी धावत होती माझी बायको ओदिल. “वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यामागे आलास,” ती म्हणाली. “समितीचा हुकूम आहे, बाईसाहेब.” फेब्रुवारीपासून आम्ही एवढंही बोललो नव्हतो. रोपवेच्या सातव्या खांबापाशी ती थांबली. इथे आता गाई चरत होत्या. फेब्रुवारीत इथेच आमचा मुलगा स्कीसकट, कोसळून दगडासारख्या घट्ट झालेल्या बर्फाखाली गाडला गेला होता. वरच्या स्थानकावर चारच्या आत पोचलं नाही, तर धावपटू बाद. “पळ गं, आठ मिनिटं आहेत,” मी म्हणालो. गवतावर बसून तिने जमीन हाताने दाबून पाहिली. “मऊ आहे रे,” म्हणाली. रडू दोघांनाही आलं नाही. चार वाजले. वॉकीटॉकीवर समितीवाला खेकसला, “मागे कोण राहिलंय?” “कोणीच नाही,” मी सांगितलं आणि तिच्याशेजारी बसलो.