आपल्या मर्जीने

फांदीवरचा निळा-केशरी खंड्या उडताना टिपायचा म्हणून नवरा पहाटेपासून झुडपाआड कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. खंड्या मात्र ढिम्म हलेना. बायकोला तंबी होती: बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. तिनं ते सगळं निमूट पाळलं, पण सर्दीपुढे बिचारीचं काही चालेना. रुमाल नाकाशी नेईपर्यंत ती अशी काही सणसणीत शिंकली, की खंड्या पंख फाकून भुर्रकन उडाला आणि दचकलेल्या नवऱ्याचं बोट बटणावर दाबलं गेलं.

"केलास ना सगळ्याचा विचका! पुन्हा तुला आणायचं नाव काढणार नाही!" म्हणत त्यानं तणतणत कॅमेरा बॅगेत कोंबला.

नेमकं त्याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर तो भरभरून बोलला. "पक्ष्याला आपली चाहूलसुद्धा लागता कामा नये. तो आपल्या मर्जीने उडेपर्यंत थांबायला संयम लागतो!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतून बायकोनंही वाजवल्या.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत तो तिला हलवून उठवत होता. "अगं, चल ना. तुलाही तेवढाच विरंगुळा."

"येते की. पण अहो, माझी सर्दी तर कधीच बरी झाली," ती साळसूदपणे म्हणाली.

"त्याची सोय केलीय," म्हणत त्यानं कॅमेऱ्याच्या बॅगेतून तपकिरीची नवीकोरी डबी काढून तिच्या हातावर ठेवली.