तळ्याची साय

सातव्या महिन्यात भूमिकाच्या रक्तात शिसं निघालं. ते तिच्या पोटात गेलं कुठून, हे शोधायला गावची आशा सेविका संजीवनी सकाळीच येऊन ओटीवर बसली. भूमिकाची सासू हौसाबाई समोर उभी होती. एरवी वाटसरूलाही चहा पाजणारी बाई, आज तिनं चहा विचारला नाही.

"मावशी, तळ्याचं पाणी घेता?"

"थेंब नाय. काठावर फळी लागली तवापासनं आमचा हंडा तिकडं फिरकला नाय. नळाचं पाणी, ते पण उकळून."

"मासे?"

"मासेवाल्या रंगूनं ताजे मासे आणून दिले, ते परत धाडले. मला शानी बोलली. बोलू दे."

खरं होतं ते. डोंगराच्या उतारावर जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. ती बंद पडली, पण तोवर पावसाच्या ओहोळानं तिथलं सगळं शिसं तळ्यात आणून टाकलं होतं. तळं आधीच गाळानं भरलेलं. मे महिन्यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राहायची. कुठल्याशा कॉलेजच्या माणसांनी तपासणी केली आणि काठावर फळी लागली, पाणी पिऊ नये, मासे खाऊ नयेत. गावानं फळी वाचली आणि खाली म्हशी धुतल्या. पाळली ती एकट्या हौसाबाईनं. भूमिकाचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं, तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

संजीवनीनं हळदीचा डबा पाहिला, काजळाची डबी पाहिली, भिंतीच्या रंगावर नख ओढून पाहिलं. मग भूमिकाजवळ बसून हळूच विचारलं, "माती खातेस का गो?"

"नाय," भूमिका म्हणाली. प्रश्न संपायच्या आतच म्हणाली.

"खाते की!" हौसाबाईला हसू आलं. "लाजते कशाला? पोटुशी बाई माती नाय खाणार तर कोण खाणार? हिचा नवरा, हरेश, पोटात होता तवा मी रोज खायची."

आणि भूमिका "आई" म्हणेपर्यंत ती आत जाऊन डबा घेऊनही आली. झाकण उघडून तिनं तो संजीवनीपुढे धरला, दिवाळीचा फराळ धरावा तसा. आत भाजलेल्या मातीच्या पातळ, तांबूस वड्या होत्या. खमंग वास सुटला.

"तळ्याची हाय ना ही?" संजीवनीनं विचारलं.

"तळ्याचीच. पण अशी तशी नाय. पाणी मागं सरलं का काठाला वर साय धरते, लोण्यावानी. तेवढीच बोटानं उचलायची. खालचा गाळ खरखरीत, खडा लागतो दाताला. शेजारची नेहा पण पोटुशी, तिला तो दिला मी. आमच्या भूमिकाला निस्ती साय." सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

संजीवनीनं एक वडी उचलली आणि तशीच परत ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "शिसं त्या बारीक गाळालाच धरून बसतं. वरच्या थरात सगळ्यात जास्त."

"भाजलीय गो मी. चांगली निखाऱ्यावर."

"भाजून जात नाय ते."

हौसाबाई डब्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण फळीवर मातीचं नाय लिवलं."

"नाय लिवलं. लिवणाऱ्याला वाटलं असेल, माती कोण खातंय. मी तरी सांगायला पायजे होतं. मला ठावं होतं बाया खातात."

"आणि बाळाचं?"

"डॉक्टर बघतील. आधी हे बंद."

हौसाबाई सुनेकडे वळली. "डॉक्टरनं माती खाते का इचारलं तवा तू का नाय सांगितलंस?"

भूमिकानं मान खाली घातली. "तुमचं नाव आलं असतं ना, आई. तिथं विचारल्यावर माज्या ध्यानात आलं. परवापासनं खाल्ली नाय मी. तुमी हातावर ठेवता ती गोधडीखाली सारते. इतक्या मायेनं देता, नको कसं बोलू?"

हौसाबाई डबा घेऊन तरातरा अंगणात गेली आणि कडेच्या वांग्यांकडे वळली.

"तिथं नको, मावशी!"

ती उकिरड्याकडे वळली. उकिरडा पावसाआधी शेतात जातो, हे तिचं तिलाच आठवलं. तळ्याची वाट समोर होती. तिकडे ती दोन पावलं गेली आणि थांबली. डब्याचा आवाज ऐकून कोंबड्या धावत आल्या, त्यांना तिनं पायानं हाकललं. साठ वर्षं ज्या मातीत तिनं हात घातला, ती मूठभर टाकायला आज तिला जागा सापडेना.

"माज्याकडं द्या, पिशवीत बांधून नेते," संजीवनीनं डबा तिच्या हातातून सोडवून घेतला. "नेहाच्या घरी पण जायला पायजे आता."

नेहाचं नाव ऐकून हौसाबाई खाली बसली. बोटांना लागलेली तांबूस भुकटी लुगड्याला पुसायला गेली आणि हात तसाच वर धरून राहिली. भूमिका पोट सांभाळत पायरी उतरून आली, तांब्यातलं पाणी तिच्या बोटांवर ओतू लागली.

"खालचा गाळ तुला द्यायला पायजे होता गो," हौसाबाई म्हणाली. "खडा लागला असता, थुंकून तरी टाकला असतास."